अकरा वर्षं तेच काम, आता कशातच मन लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. वय ३६. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, ११ वर्षं झाली. खरेदीची बिलं टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चढवणं, जॉबवर्कची चलनं, ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १४ नंतर २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवणं, १५ ला पीएफ, २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी विवरण). मग पुन्हा पहिल्यापासून. पगार वेळेवर होतो, मालक माणुसकीचे आहेत. तक्रार करावी असं काहीच नाही, त्यामुळे कोडं आणखी अवघड झालंय.

दुपारी दोननंतर स्क्रीनकडे बघवत नाही. घरी आलो की साडेअकरापर्यंत मोबाइल. रविवारही तसाच जातो. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. मित्र म्हणतात पुण्याला जा.

तीन प्रश्न आहेत. हा आळस आहे, आजार आहे की आणखी काही? नोकरी न सोडता काही करता येतं का? आणि येत असेल तर उद्या सकाळी नेमकं काय करायचं? "सकारात्मक रहा" सोडून काहीही सांगा.

---

पानवही (समुपदेशन क्षेत्र)

आळस नाही. आळशी माणसाला नुसतं बसून राहण्याचा त्रास होत नाही. तुम्हाला होतोय, म्हणजे मनाला काम हवंय आणि समोरचं काम त्याला धरून ठेवत नाहीये. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची व्याख्या जवळपास अशीच केली: समाधान देणाऱ्या कामात गुंतायची इच्छा आहे, पण गुंतता येत नाही. व्हिडिओ दोन दिवसच का पुरतात तेही यातून कळतं. ते इच्छा वाढवतात आणि इच्छा तर तुमच्याकडे आधीच आहे. अडलंय ते गुंतण्यापाशी.

"कामाचा कंटाळा आलाय" हे वाक्य फार मोठं आहे, त्यावर इलाज करता येत नाही. कुठल्या तासाला, कुठल्या कामाचा कंटाळा येतो ते आधी शोधावं लागेल. त्यासाठी सात दिवसांची वही.

खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या. १० ते ६, दर तासाला एक ओळ. ओळीत कामाचं नाव तीन-चार शब्दांत आणि पुढे ० ते १० मधले दोन आकडे. पहिला आकडा "मन", म्हणजे किती गुंतलो. दुसरा "कस", म्हणजे त्या कामाला डोकं किती लावावं लागलं. नमुना असा:

११ ते १२, खरेदी बिलं ४० नग. मन २, कस १.
३ ते ४, २बीमध्ये एका सूतवाल्याचं बिल दिसेना, फोन करून काढलं. मन ७, कस ६.

दुसरी ओळ तुमच्या वहीत दिसेलच असं मी धरून चालतो. बहुतेकांच्या वहीत अशा तीन-चार ओळी निघतात आणि त्या बघून लिहिणारा स्वतःच थबकतो, कारण "कशातच मन लागत नाही" हे त्याचं वाक्य तिथे खोटं ठरतं.

आता यात काय बिघडतं ते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रात्री घरी बसून दिवसभराचे आकडे भरणं. दमलेल्या माणसाला सकाळचा चांगला तासही आठवत नाही, सगळीकडे तीनच पडतात. ओळ त्या तासाला लिहायची, दहा सेकंदांचं काम आहे. दुसरी चूक, सगळीकडे ५ लिहिणं. तसं होत असेल तर ५ हा आकडाच बाद करा, ४ किंवा ६ पैकी एक निवडायला लागू दे. तिसरी चूक, शांत आठवडा निवडणं. तुमच्या कामाला महिन्याची लय आहे, त्यामुळे १४ ते २० चा आठवडा घ्या. त्यात बिलंही येतात, जुळवणीही येते आणि ३बीची धावपळही.

आठवडा संपला की मन ३ किंवा कमी असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि शेजारचा कस बघा.

कस १-२ असेल तर काम तुमच्या कुवतीच्या फार खाली गेलंय. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी माणूस कामात पूर्ण बुडून जातो त्या अवस्थेचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांचं म्हणणं, कामाचा कस आणि माणसाचं कौशल्य साधारण तोडीस तोड असावं लागतं. कौशल्य वाढत गेलं आणि काम तिथेच राहिलं की कंटाळा येतो. अकरा वर्षांत तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

कस ८-९ आणि मन २ असेल तर तो कंटाळा नसून धास्ती आहे. तिथे काम शिकून घ्यायचं असतं, मन रमवायचं नसतं. आणि कस मध्यम, ४-५, तरी मन खाली, तर दोन शक्यता: मध्येमध्ये उठवलं जातंय, किंवा हे काम कुणाच्या उपयोगी पडतं ते दिसत नाही.

पहिल्या प्रकारावर, म्हणजे अतिसोप्या कामावर, दोनच खरे उपाय आहेत: ते काम कमी करा किंवा त्याचा कस वाढवा. कमी करायचं तर बिलं एक-एक चढवण्याऐवजी एक्सेलमध्ये लावून टॅलीत एकदम घ्यायला शिका. तशी सोय आहे. आधी बॅकअप, मग कंपनीची नक्कल काढून त्यात फक्त १० बिलांवर प्रयोग. पहिल्या वेळी चुका येणारच, आणि त्या बहुतेक दोनच ठिकाणी असतात: लेजरच्या नावात एक जास्तीची मोकळी जागा, किंवा तारखेची मांडणी वेगळी. ते शोधायला जे डोकं लागेल त्याचा कस ६-७ असेल, हा वरचा फायदा.

कस वाढवायचा तर वेगाची शर्यत लावू नका. घाईत सीजीएसटीच्या जागी आयजीएसटी पडतो आणि तोच नंतर २बी जुळवताना छळतो. त्याऐवजी चुका मोजा. ४० बिलांचा एक गठ्ठा, ४५ मिनिटं, फोन बाजूला, आणि नंतर त्यातली १० बिलं स्वतः तपासायची. किती चुकली तो आकडा वहीत. मनाला धरून ठेवायला असा मोजता येणारा आकडा बराच उपयोगी पडतो.

---

चेकिंगटेबल

वरचं पटलं. "कुणाच्या उपयोगी पडतं ते दिसत नाही" यावर कारखान्याच्या बाजूने लिहितो, कारण टॉवेलच्या धंद्यात अकाउंट्सवाल्याला माल दिसतच नाही, फक्त कागद दिसतो.

ऑफिसातून उठून फोल्डिंगला जा आणि एका जातीचे १० टॉवेल वजन करा. समजा ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) माल आहे. क्षेत्रफळ साधारण १.१६ चौरस मीटर, म्हणजे एक नग सुमारे ५२० ग्रॅम भरायला हवा. प्रत्यक्षात ५४० भरला तर? नगामागे २० ग्रॅम. १०,००० नगांच्या ऑर्डरमध्ये २०० किलो सूत फुकट गेलं. सुताचा भाव तुमच्याच टेबलवरच्या बिलात आहे, गुणाकार करा. हा आकडा मालकाला दर महिन्याला एका पानावर देणारा माणूस आणि फक्त बिलं चढवणारा माणूस, दोघांची खुर्ची तीच असते, पण काम वेगळं असतं.

वजन करताना काळजी एवढीच. एक-एक नग वजन करू नका. १० ग्रॅमची पायरी असलेल्या काट्यावर एका नगाची चूक मोठी पडते; दहा एकत्र ठेवून दहाने भागा. दुसरं, कापूस हवेतला ओलावा ओढतो. प्रमाण हवेत, म्हणजे ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत, कापसाचा ओलावा कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात. त्यामुळे मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी केलेलं वजन आणि पावसाळ्यातलं वजन यांची तुलना करून कुणावर दोष ठेवू नका. एकाच वेळेला, मशीनवरून निघून दिवसभर पडलेल्या मालाचं वजन घ्या. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: जॉबर (मागांवरचा मुकादम) किंवा सुपरवायझरच्या पाठीमागून हे करू नका. आधी त्यांना सांगा, "मला धंदा समजून घ्यायचाय, दाखवता का?" तपासनीस म्हणून गेलात तर दुसऱ्या दिवशी काटाच सापडणार नाही.

आणखी एक. एकसुरी कामावरून लक्ष उडणं हा स्वभावदोष नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटायच्या, म्हणून मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले. १९४८ साली ते छापून आले. काट्याची टिकटिक बघत बसायचं आणि काट्याने दुप्पट उडी मारली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या चुका वाढल्या. आमच्याकडे चेकिंगच्या टेबलवर हेच होतं, तुटलेला ताणा (उभा धागा) किंवा सुटलेला पाईल (टॉवेलवरचे फासे) समोरून निघून जातो. म्हणून चेकिंग, फोल्डिंग आणि पॅकिंगची माणसं दीड-दोन तासांनी आपसात बदलावीत. पीसरेटवर (नगावर मजुरी) असतील तर बदलीत मजुरी बुडणार नाही हे आधी ठरवा, नाहीतर कुणी जागा सोडत नाही. तुम्हालाही तेच लागू आहे: बिलं ४५ मिनिटं, मग १५ मिनिटं चलनं किंवा फोन, मग पुन्हा बिलं. सलग तीन तास बिलं चढवायची जिद्द धरू नका.

---

सातरस्ता

दुपारी दोनचं थोडक्यात. दुपारी शरीराची सावधपणाची पातळी तशीही खाली येते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. त्यात डब्यात दोन भाकरी, भात, वर ताक. डोळे मिटणारच. भात संध्याकाळवर ढकला, जेवणानंतर शेडच्या सावलीत १० मिनिटं चाला, पाण्याची बाटली टेबलवर नजरेसमोर ठेवा. डोक्याचं काम (२बी, कॉस्टिंग म्हणजे मालाचा खर्च काढणं) १० ते १२ मध्ये घ्या आणि दोन ते साडेतीनमध्ये फायलिंग, फोन, बँकेत जाणं असली उठबस असलेली कामं. बहुतेक लोक उलटं करतात, सकाळी ताज्या डोक्याने सोपी बिलं संपवतात आणि अवघड काम दुपारवर ठेवतात.

---

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन अडचणी. ऑफिसात आम्ही चौघं एकाच टेबलला बसतो, दर तासाला डायरी काढली तर विचारणा होणार. आणि रात्रीच्या मोबाइलचं काय करू? बंद करायचं ठरवतो, जमत नाही.

---

पानवही

डायरी सोडा. चलनांच्या पॅडच्या पाठीमागे लिहा, फक्त आकडे: "११ – २/१". कामाचं नाव टॅलीच्या डे-बुकवरून नंतर जोडता येतं. कुणाला काही कळत नाही.

मोबाइलबद्दल. २०२४ साली टोरांटो विद्यापीठाच्या केटी टॅम आणि मायकल इन्झलिख्ट यांचे प्रयोग छापून आले. कंटाळा टाळायला लोक एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, पण उड्या मारणाऱ्यांना एकच व्हिडिओ शेवटपर्यंत बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा आला. तुमचे रात्रीचे दोन तास कंटाळा घालवत नाहीत, वाढवतात. तेव्हा पहिली पायरी बंद करण्याची घेऊच नका. बघायचंच तर एकच गोष्ट निवडा आणि शेवटपर्यंत बघा, सामना असो, नाटक असो, चाळीस मिनिटांची मुलाखत असो. बोट वर सरकवायचं नाही, एवढा एकच नियम आठवडाभर.

दुसऱ्या आठवड्यात फोनची जागा बदला. चार्जर स्वयंपाकघरात, उशाला साधं गजराचं घड्याळ. "कमी बघेन" असा निश्चय मोडतो, कारण तो कधी पाळायचा हे त्यात नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत वापरा: "अमुक झालं की मी तमुक करीन." म्हणजे, "जेवणाचं ताट उचललं की फोन ओट्याशेजारी चार्जिंगला लावीन आणि गच्चीवर जाईन." वाक्याचा दुसरा अर्धा भाग, गच्ची, विसरू नका. फोन काढून घेतला आणि जागी काहीच ठेवलं नाही तर तो दहाच मिनिटांत परत हातात येतो. घरच्यांनाही हे वाक्य सांगून ठेवा, म्हणजे ओट्याजवळचा प्लग मोकळा राहील.

---

बाह्यरुग्ण (वैद्यकीय)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलंय. आळस नाही हे खरं, पण आजार नाही हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत (१) काही करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही, (२) उदास, खचल्यासारखं किंवा निराश वाटलं. अजिबात नाही = ०, काही दिवस = १, निम्म्याहून जास्त दिवस = २, जवळजवळ रोज = ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. हे निदान नाही, चाळणी आहे.

घरगुती फरकही सांगतो. कंटाळलेला माणूस जागा बदलली की उमलतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नेलं, डिसेंबरात कुणाच्या शेतावर हुरड्याला नेलं, तर तो खातो, हसतो, निघताना अजून थोडं थांबू म्हणतो. नैराश्यातल्या माणसाला तिथेही काही वाटत नाही, माणसांत बसणं ओझं होतं, झोप पहाटे मोडते, भूक बदलते, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे विचार येतात. तुमचं यातलं कुठलं आहे, हे शेवटच्या दोन-तीन प्रसंगांवरून ठरवा.

तिसरी गोष्ट बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामातली परिणामकारकता घटणं. त्याचा इलाज कंटाळ्याच्या उलट आहे. बर्नआउटमध्ये भार कमी करून विश्रांती द्यावी लागते. तिथे वरचे "कस वाढवा" सल्ले पाळले तर माणूस आणखी मोडतो. म्हणून वहीतला कस ८-९ चा असेल आणि आठवड्याची सुट्टी घेऊनही ताजं वाटत नसेल तर वरच्या उपायांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

शरीराचं: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर, एवढ्या चार तपासण्या करून घ्या. थायरॉइड मंदावलं की माणूस नेमकं "कशातच मन लागत नाही" असंच म्हणतो. शाकाहारी लोकांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त, आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर आणखी जास्त. नेहमी होणारी चूक अशी की लोक मेडिकलमधून आधी बी-१२ ची इंजेक्शनं घेतात आणि मग रक्त देतात. मग आकडा चांगलाच येतो आणि खरं काही कळत नाही. रक्त आधी, औषध नंतर. घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो.

सिव्हिल हॉस्पिटल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. घरबसल्या बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नको असे विचार मनात येत असतील तर वही, वजनकाटा सगळं बाजूला ठेवून हाच नंबर आत्ता लावा.

---

माळरान

रविवारबद्दल कुणी बोललं नाही.

रविवार रिकामा ठेवून तो आपोआप भरत नाही. अवघड आणि हळूहळू जमणारी एकच गोष्ट धरा, दोन नको. सोलापुरात सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेली म्हणजे भाषा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने कन्नड, तुमच्या कारखान्यातही दोन्ही बोलणारी माणसं असणार. वर्षानुवर्षे शेजारी राहून आपल्याला त्यातलं "किती" आणि "नको" एवढंही येत नाही. रोज १५ मिनिटं, आठवड्याला १० वाक्यं, ती सगळी एकाच प्रसंगाची. पहिला आठवडा जेवणाचा: कन्नडमध्ये "ऊटा आय्ता?", तेलुगूत "तिन्नारा?". दुसरा बाजाराचा: एष्टु, बेकु, बेडा, किंवा एंता, कावाली, वद्दु. दोन्ही एकदम घेऊ नका, शब्द मिसळतात. लिपी पुढे शिकायची झाली तर एक आली की दुसरी अर्धी ओळखीची वाटते, अक्षरं बरीच सारखी आहेत.

वाक्यं पाठ करून ठेवायची नाहीत, दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी म्हणायची. इथेच लोक थांबतात: उच्चार चुकेल म्हणून महिनाभर पाठच करत राहतात. समोरचा दुरुस्त करतो आणि ती दुरुस्ती कायमची लक्षात राहते. कारखान्यातल्या ज्या माणसाशी अकरा वर्षांत फक्त पगाराच्या दिवशी बोलणं झालं, त्याला त्याच्या भाषेत जेवण झालं का विचारून बघा.

बाहेर पडायचं तर नान्नज. बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य म्हणून नाव आहे. माळढोक आता दिसेल या आशेवर जाऊ नका, पण काळवीट दिसतात, आणि थंडीत माळावर भोवत्या म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी उतरतात, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या आधी पोहोचा, मळकट रंगाचे कपडे, ८ बाय ४० ची दुर्बीण पुरे. पहिल्याच खेपेला तीस पक्षी ओळखायचा हट्ट नको. पाच ओळखा, त्यातला एक पंधरा मिनिटं बघत रहा. तेवढं लांब जमत नसेल तर हिप्परगा तलाव किंवा कंबर तलावही चालेल. फोटो काढण्याच्या मागे लागलात तर पुन्हा स्क्रीनच.

किती दिवस लागतील? सवयीवरचा एक अभ्यास २०१० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, कुणाला हिशेबाने २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. २१ दिवसांचं जे सांगतात ते डोक्यातून काढा, बाविसाव्या दिवशी उगाच हिरमोड होतो.

---

दुसरी_बाजू

सगळे "नोकरी न सोडता" यावर बोलले, पण सोडण्याचा प्रश्नही हिशेबाने सोडवावा.

पुण्याला गेलात तरी ११ तारखेला जीएसटीआर-१ च भरायचाय. शहर बदलल्याने पहिले काही महिने सगळं नवं वाटतं, मग माणूस सरावतो. म्हणून पगार आणि शहर सोडून तिसरा प्रश्न विचारा: तिथे माझ्या वहीतल्या कोणत्या ओळी बदलतील? मुलाखतीत सरळ विचारावं, "पहिल्या ९० दिवसांत माझ्याकडे कोणती कामं असतील?" उत्तरात पुन्हा बिलंच असतील तर तो बदल फक्त भाड्याच्या घराचा आहे.

त्याआधी मालकाशी एकदा बोला. ॲमी व्झेस्निव्हस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं की माणसं आहे त्याच नोकरीत काम, माणसं आणि कामाकडे बघण्याची पद्धत हळूहळू बदलून घेतात. तुमच्याकडे त्यासाठी चांगलं भांडवल आहे. "कंटाळा आलाय" असं म्हणू नका, मालकाला ते "पगार वाढवा" असं ऐकू येतं. असं म्हणा: "साहेब, बिलं एक्सेलमधून घेतली की माझे महिन्याला इतके तास वाचतात. त्यातले चार तास मला कॉस्टिंगला द्या. तीन महिन्यांनी कागद बघून ठरवा." तास वहीतून काढलेले असू देत, अंदाजाने सांगू नका. आणि हे बोलणं २१ ते २८ च्या दरम्यान, २० च्या आधी नको.

८ ते १० आठवडे हे करूनही मन ३ च्या वर जात नसेल तर मग शोध सुरू करायला हरकत नाही. तेव्हा हे बघा. घरखर्चाचे सहा महिने बाजूला. पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. ग्रॅच्युइटी मागून घ्या: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ११ वर्षांची ती सुमारे ६.३५ महिन्यांच्या मूळ पगार आणि भत्त्याइतकी भरते. मालक चांगले आहेत म्हणून ती विचारायला संकोचू नका, हक्काची आहे. आणि राजीनामा कधीही दुपारी दोन ते चारमध्ये लिहू नका. हे अगदी मनापासून सांगतोय, ती तुमची वाईट वेळ आहे.

---

होटगीरोडकर

दोन प्रश्नांची बेरीज २ आली. हुरड्याला गेलो की रमतो, त्यामुळे तूर्त कंटाळाच धरतो. रक्त मात्र या शनिवारी देतो. आज महिन्याची ९ तारीख आहे. एक्सेल, वही, टॉवेलचं वजन, कन्नड, एवढं सगळं समोर आलंय. कुठल्या क्रमाने घेऊ?

---

पानवही

सगळं एकदम घेतलंत तर २० तारखेच्या आत सगळं सुटेल. ११ पर्यंत काहीच करू नका, जीएसटीआर-१ जाऊ द्या. १४ ते २० फक्त वही आणि "बोट वर सरकवायचं नाही" हा नियम. २१ ला वही उघडून मन ३ किंवा कमी असलेल्या ओळी मोजा; बिलंच निघाली तर २२ ते २८ मध्ये नक्कल कंपनीत १० बिलं. कन्नड पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, बोलायला माणूस ठरवून. मालकाशी बोलणं पुढच्या २१ नंतर, हातात एक महिन्याचे तास आणि वजनाचा एक कागद असेल तेव्हा.

---

चेकिंगटेबल

वजन २२ नंतरच्या आठवड्यात घ्या, बिलांच्या प्रयोगाच्या मधल्या वेळात. सकाळी नको, तेव्हा गाडी भरायची गडबड असते. चारच्या चहानंतर फोल्डिंगचं टेबल जरा मोकळं होतं. एकाच लॉटचे १० नग, तीन वेगवेगळ्या थप्प्यांमधून काढलेले, आणि ठेवण्याआधी काट्याचं शून्य बघून घ्या. पंखा चालू असेल तर तेवढा वेळ बंद करायला सांगा, वाऱ्याने आकडा हलत राहतो.